हकीकत व्हेरी शब्दाची आणि सटवाचे बांधाची

श्रीगजानन प्रसन्न असो, लिहिणाराचे हातून अधिकउणे न पडो. शके सतराशे बहात्तर, साधारण नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका राज्यात वर्तमान वर्तले ते ऐसे जे, इंग्रजांचे मुलखातून व्हेरी म्हणोन एक शब्द आला आणि दरबारी बहुत मान पावला. हत्ती मोठा तो व्हेरी मोठा जाहला, भात बरा तो व्हेरी बरा जाहला, आणि मग शिफारसपत्रात दोन-तीन व्हेरी नसल्यास कारकून पत्र वाचीनासे जाहले. ऐशात नदीवरील बांधांचे काम पाहावयास माणूस नेमणे प्राप्त जाहले. उमेदवार पाच. चौघांचे उस्तादांनी 'व्हेरी व्हेरी हुशार' ऐसे लिहिले. पाचवा सटवा. त्याचे उस्ताद रायाजी पाथरवट, माणूस फटकळ, बारा वर्षांत शागिर्दास बरे म्हणोन बोलिले नव्हते. त्यांनी एकच ओळ लिहिली, "सटवा बांध घालितो तो राहतो." कारकुनांनी पत्र बाजूस टाकिले. सटवा हिरमुसला आणि म्हणाला, "उस्ताद, एक व्हेरी घातला असता तर तुमचं काय जात होतं?"

मग रायाजी उठले आणि थेट दरबारी गेले आणि पुसते जाहले, "या शब्दाचा अर्थ तरी काय?" दुभाषी नरसो शामजी बोलिले, "हल्ली अर्थ फार, अतिशय. मुळी फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आला तेव्हा अर्थ खरा. पुढे जो तो उठताबसता खरे खरे म्हणो लागला, आणि झिजता झिजता फार एवढेच उरले." रायाजी म्हणाले, "तर महाराज, जुनाच अर्थ चालवा. पाचांनी ओढ्यावर एकेक बांध घालावा, वरल्या तलावाचं पाणी सोडावं, आणि ज्यानं शिफारस लिहिली त्यानं बांधाखाली बसावं." महाराज हसले आणि तैसा हुकूम जाहला.

मग काय पुसावे! एका उस्तादास ताप भरला, एकाचे मेहुणीचे लग्न निघाले, आणि दोघांनी अर्ज केला की व्हेरी हा शब्द लेखकाचे हातून चुकोन पडला. रायाजी मात्र घोंगडी घेवोन सटवाचे बांधाखाली गेले. पाणी सुटले आणि बांधास थडकले आणि काठोकाठ चढले, आणि सटवा वर उभा राहोन एकेक सांधा न्याहाळो लागला. बांध राहिला. महाराजांनी तेथेच नेमणूक सांगितली, परंतु सटवा ऐकावयास थांबला नाही. धावत खाली उतरोन पाहतो तो उस्ताद घोंगडीवर गाढ निजले होते. सटवा त्यांचे पायापाशी बसला आणि आनंदे रडला.

एणेप्रमाणे हकीकत. शब्द दरबारी अद्याप आहे. रायाजींनी तो अखेरपर्यंत लिहिला नाही, आणि सटवाने पुन्हा मागितला नाही.