मास्तरांच्या रक्तातला आकडा

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चष्म्याच्या वरून पाहत म्हटलं, "वाचा. मोठ्याने वाचा."

मास्तरांनी कागद उचलला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. आजवर अर्ध्या गावाला त्यांनी क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावला होता, आणि उरलेलं अर्धं गाव रस्ता ओलांडताना त्यांच्या शिकाऊ गाडीची पाटी पाहून मागे सरत असे. कोपऱ्यात त्यांचे अकरा वर्षांचे चिरंजीव आपल्या बुटांच्या नाड्यांकडे मोठ्या अभ्यासू नजरेने बघत उभे होते.

"'माननीय बाईंस,'" मास्तर वाचू लागले, "'काल मी प्रयोगशाळेच्या खिडकीची काच फोडली. समोरचा मुलगा म्हणाला, तुझी किक तिथपर्यंत पोचणारच नाही. पुरुषाच्या रक्तात एक हार्मोन असतं. ते अशा वेळी माणसाला गप्प बसू देत नाही. त्यामुळे यात माझा वैयक्तिक दोष नाही. तरी माफी असावी. आपला आज्ञाधारक.'"

मास्तरांनी कागद खाली ठेवला. "अक्षर सुधारलंय हो त्याचं."

"हा धडा आमच्याकडे अजून तीन वर्षांनी आहे," बाई म्हणाल्या. "याला आत्ताच कुणी शिकवला?"

"घरी शिकला असेल," मास्तर म्हणाले. आवाजातला अभिमान लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो मिशीखालून बाहेर आलाच.

"मग घरीच दुसरा माफीनामा लिहून घ्या. रक्त, हार्मोन वगैरे काही नको. तो येईपर्यंत खेळाचा तास बंद. आणि काच तुम्ही बसवून द्या."

या जीवशास्त्राचा उगम न्हाव्याच्या दुकानात होता. दोन वर्षांपूर्वी नंबर लागायची वाट बघताना मास्तरांच्या हाती एका मासिकाचं अर्धं पान लागलं. उरलेलं अर्धं कुणीतरी फाडून नेलं होतं. त्या अर्ध्या पानात लिहिलं होतं की, पुरुष मुळात शिकारी. त्याची नजर लांबवर लागलेली, म्हणून त्याला जवळची वस्तू दिसत नाही. तो वाट विचारत नाही आणि कुणी आव्हान दिलं तर माघार घेत नाही, कारण त्याच्या रक्तातच ते असतं. 'मात्र हे सगळं' इथे पान संपत होतं. पुढे काय होतं याची चौकशी मास्तरांनी कधी केली नाही. त्यांना हवं ते मिळालं होतं.

तेव्हापासून मोजे सापडले नाहीत की ते कपाटासमोर उभे राहून म्हणत, "शिकाऱ्याची नजर आहे ही! डोळ्यांसमोरचं नाही दिसत." आणि त्यांची बायको त्यांच्या डोळ्यांसमोरचे मोजे उचलून त्यांच्या हातात देई. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांच्या तब्येतीच्या तक्रारी ऐकून तिला सवय झाली होती. कुणी काही सांगितलं की ती 'बरं' म्हणे आणि आपल्याला हवं तेच करी.

पण त्या आठवड्यात नुसत्या 'बरं'ने भागेना. शाळेचं प्रकरण ताजं असतानाच मोटार-स्कूलच्या मालकीणबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या," मालकीणबाई म्हणाल्या. "परवा काय केलंत?"

"शिकवलं."

"एका लाल गाडीने तुम्हाला ओव्हरटेक केलं. तुम्ही शेजारच्या सीटवरून ओरडलात, 'दाबा!' त्या बिचाऱ्या म्हणाल्या, 'ब्रेक?' तुम्ही म्हणालात, 'ॲक्सिलरेटर!' खरं की खोटं?"

"वेगाचा सराव—"

"गावाबाहेर गेलात. मग रस्ता चुकलात. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, कुणाला तरी विचारू या, तर तुम्ही म्हणालात, 'दिशा माझ्या डोक्यात असते.' दोन तास फिरलात, मास्तर! इकडे त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तोंडात कापूस घेऊन बसला होता. या महिन्यात तीन शिकाऊ सोडून गेले. आता आणखी एक तक्रार आली, तर गाडीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि घरी जायचं."

मास्तर घरी आले ते तोंड एवढंसं करून. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या रक्तातच आहे ना ते?" तिने विचारलं.

"मग काय सांगतोय मी?"

"बरं. केस गळतात म्हणून डॉक्टरांनी मला हार्मोनची तपासणी करायला सांगितलीय. सोमवारी रक्त द्यायला जातेय, तुम्हीही चला. तुमचं किती आहे ते एकदा कळू दे. मालकीणबाईंना तो कागदच दाखवा."

"चल!" मास्तर छाती पुढे काढून म्हणाले. "त्यांचं यंत्र बंद पडलं तर मला बोलायचं नाही!"

सोमवारी दोघांनी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून रक्त दिलं. सुई पाहून मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. शिकाऱ्याची नजर लांब असते म्हणून असेल.

बुधवारी दुपारी, दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात, त्यांनी गाडीतूनच लॅबला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "पूर्ण नाव सांगा."

मास्तरांनी आडनाव सांगितलं.

"पूर्ण नाव, सर."

"अहो, आडनाव पुरे! या गावात या आडनावाचं दुसरं घर नाही. ते हार्मोनवालं. फक्त आकडा सांगा, माझा शिकाऊ आलाय."

कागद चाळल्याचा आवाज आला. "हं. अठ्ठावीस."

"अठ्ठावीसशे ना?"

"नाही सर. नुसते अठ्ठावीस."

"आणि पुरुषांचं किती असतं?"

"साधारण तीनशेपासून हजारपर्यंत. थोडं इकडेतिकडे."

मास्तरांनी फोन ठेवला. आरशात पाहिलं. मिशी जागच्या जागी होती. तीनशे कुठे आणि अठ्ठावीस कुठे! थोडं इकडेतिकडे म्हणायलाही सोय नव्हती. दार उघडून डॉक्टरीणबाई आत बसल्या. मालकीणबाईंनी समजूत घालून त्यांना पुन्हा एकदा पाठवलं होतं. त्यांनी सीट पुढे घेतली, पट्टा लावला आणि स्टिअरिंग बुडत्याने काडी धरावी तसं धरलं. चौकात त्यांची गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून मान काढून मास्तरांच्या अकलेचा उद्धार केला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. एरवी या वेळेपर्यंत मास्तर रस्त्यावर उतरून त्याच्याशी हातघाईवर आलेले असत.

मास्तरांचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मग त्यांना अठ्ठावीस आठवले. एवढ्याशा भांडवलावर माणसाने भांडायला उतरायचं कशाला? हात परत आला.

"न्यूट्रल करा," ते मऊ आवाजात म्हणाले. "किल्ली फिरवा. घाई नाही. त्यांचे हॉर्न काही झिजत नाहीत."

गाडी सुरू झाली. त्या दिवशी डॉक्टरीणबाई प्रथमच चढावर गाडी मागे न जाऊ देता पुढे घेऊन गेल्या. उतरताना त्या मास्तरांकडे अशा बघत होत्या, जणू दाढ दुखायची आपोआप थांबली होती.

घरी मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. "रिपोर्ट यायचाय," एवढंच म्हणाले. पहिले दोन दिवस त्यांना फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र एक विलक्षण हलकेपणा यायला लागला. लाल गाड्या, पांढऱ्या गाड्या, शाळेच्या बसेस, कुणीही पुढे जावं. त्यांना काही सिद्ध करायचं उरलंच नव्हतं. एका सकाळी ते कपाटासमोर उभे राहिले. अठ्ठावीसवाल्याला शिकाऱ्याची नजर कुठली? निमूटपणे जवळ पाहायला लागले, तर मोजे दुसऱ्या खणात जोड्या लावून ठेवलेले. त्यांनी ते घातले. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातातला चमचा तसाच धरून बघत राहिली.

शनिवारी चिरंजीव वही घेऊन आले. "बाबा, बाईंनी हार्मोन काढून टाकायला सांगितलंय. मग राहतंच काय माफीनाम्यात?"

"तो मुलगा तुला बोलला तेव्हा राग आला?"

"खूप."

"तो आला. त्याला इलाज नाही. पण चेंडू मारायला पाय कुणाचा उठला?"

पोराने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "माझा."

"मग पायापासून सुरुवात कर."

सोमवारी दोघं मिळून काच बसवायला शाळेत गेले. मास्तरांनी घरातली जुनी काच आणली होती, पण ती निघाली वीतभर आखूड. काचेचं दुकान कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पोराच्या देखत त्यांनी रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला थांबवून विचारलं, "दादा, इथे काचवाला कुठे?" त्या माणसाने सांगितलं आणि ते पाच मिनिटांत पोचले. एवढं सोपं असतं हे मास्तरांना चाळिशी उलटल्यावर कळत होतं. माफीनामा वाचून बाईंनी खेळाचा तास परत दिला. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई परीक्षा पास झाल्या, आणि त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींची नावं मोटार-स्कूलमध्ये घातली. मालकीणबाईंनी मास्तरांना चहा पाजला.

सगळं सुरळीत झालं, आणि नेमकी तीच गोष्ट बायकोला खटकत होती. बारा वर्षांत ज्याला मीठ सापडलं नाही तो माणूस आता स्वतःहून विचारत होता, "वाटाणे सोलून देऊ?" काल तर टीव्हीवर सामना चालू असताना त्याने तिची पूर्ण गोष्ट ऐकून घेतली होती आणि मधूनमधून प्रश्नही विचारले होते. औषधाच्या दुकानात उभं राहून तिने बरीच लक्षणं ऐकली होती. एवढं गंभीर एकही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ती परस्पर लॅबमध्ये गेली आणि संध्याकाळी दोन पाकिटं मास्तरांसमोर आपटली.

"माझ्यापासून काय लपवताय?"

मास्तरांनी हातातला वाटाणा खाली ठेवला. "म्हणजे कळलं तुला."

"काय कळलं? तुमचं सगळं छान आहे! रक्त छान, हार्मोन छान. मग झालंय काय तुम्हाला? डोक्याला मार लागला का कुठे?"

"छान?" मास्तरांचा आवाज चिरकला. त्यांनी आपलं पाकीट उघडलं. वर त्यांचं पूर्ण नाव होतं. खाली लिहिलं होतं: सहाशे दहा. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. सहाशे दहाच. "मग अठ्ठावीस कुणाचे?"

"माझे. बायकांचं तेवढंच असतं. माझंही नॉर्मल आहे."

मास्तर खुर्चीत मागे टेकले. आडनाव पुरे म्हणून कोण ओरडलं होतं, ते त्यांना लख्ख आठवलं. मग मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं: फोन, आकडा, टेम्पोवाला. बायको आधी डोळे विस्फारून ऐकत होती. मग ती जी हसत सुटली, ती पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

"म्हणजे गेले पंधरा दिवस," तिने डोळे पुसले, "तुम्ही माझ्या रक्तावर गाडी चालवत होतात?"

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. पोरगा खिडकीतून ओरडला, "आई, विटांचा ट्रक! आपल्या फाटकात आडवा लावलाय, आणि ड्रायव्हर म्हणतोय उद्या हलवीन!"

मास्तर ताडकन उठले. सहाशे दहा! त्यांनी बाह्या सरसावल्या, दोन पावलं टाकली आणि थांबले. त्यांना वाटलं होतं की खरा आकडा कळताच अंगात काहीतरी उसळेल. पण अंगात वाटाणे अर्धवट राहिल्याची चुटपुट तेवढी होती.

"बसा तुम्ही," बायको म्हणाली आणि चपला घालून खाली गेली.

बाप-लेक खिडकीत उभे राहिले. ड्रायव्हर ट्रकच्या दाराएवढा रुंद होता. बायको त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हती. तिने आवाज चढवला नाही. फाटकाकडे बोट केलं, ट्रककडे केलं, घड्याळाकडे केलं. ड्रायव्हर काहीतरी बोलला. ती 'बरं' म्हणाली असावी. आणखी दोन वाक्यं झाली आणि तो आडदांड गडी टोपी सरळ करत केबिनमध्ये चढला. ट्रक मागे गेला. नुसता गेला नाही, तर जाताना ड्रायव्हरने रस्त्यावर सांडलेल्या चार विटाही खाली उतरून उचलल्या.

"बाबा," पोरगा हळूच म्हणाला, "आईच्या रक्तात किती आहे?"

"अठ्ठावीस."

पोराने दूर जाणाऱ्या ट्रककडे पाहिलं. "आणि तुमच्या?"

"तू वाटाणे सोल," मास्तर म्हणाले आणि टोपली त्याच्याकडे सरकवून स्वतः चहाचं आधण ठेवायला उठले.