बशीरची बारा डोकी

बशीर अत्तार बोलताना माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, डोक्याकडं बघतो. कानाच्या जरा वर. शिक्रापूरला माझ्या चार खोल्या आहेत. तीन खोल्यांत कंपनीतली पोरं राहतात, चौथीत हा राहायला आला. पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर नजर लावून म्हणाला, "मावशी, वय किती तुमचं?"

मी म्हटलं, "तुला काय करायचंय? लगीन जमवतोस का माझं?"

हा हसला नाही. "काही विसरता का?" म्हणाला.

"भाडेकरूला हाकलायचं कसं, ते अजून विसरले न्हाई."

चाळिशीचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. माणूस दौंडचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर गोल गोल चित्रं, लाल, पिवळी, निळी. कंपनीतल्या पोरांना वाटायचं हा हवामानखात्यात आहे. एकानं तर विचारलंही, पाऊस कधी पडणार म्हणून. बशीर म्हणाला, "हा मेंदू आहे." पोरगं चार दिवस त्याच्या खोलीकडं फिरकलं नाही.

त्याचं एक पालुपद होतं. मी अंगणात म्हणावं, आज ऊन फार आहे. हा आतून ओरडणार, "कुणाच्या मानानं?" आमटी तिखट झाली म्हटलं तरी, "कुणाच्या मानानं?" शेजारचे आप्पा एकदा म्हणाले, "आमची सून लई भांडखोर हाय." बशीरनं विचारलं, "कुणाच्या मानानं?" सून आत भाकऱ्या थापत होती. तिनं आतूनच उत्तर दिलं, "सासूच्या!"

एक दिवस मी त्याला धरलं. म्हटलं, हे मानानं-मानानं काय लावलंयस, नीट सांग. तर गडी असा खुलला की माझा चहा उतू गेला.

म्हणाला, "मावशी, पुण्यात एक मशीन असतं. माणसाला सुईतून साखर देतात, तिला जरासं औषध लावलेलं. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर खातो. मशीनमध्ये तो उजळ दिसतो. जो भाग थकला तो मंद दिसतो. विसरण्याच्या आजारात ठरावीक जागा मंद होतात. माणूस पुरता विसरायला लागायच्या आधीसुद्धा."

"मग बघायचं आन् सांगायचं. त्यात काय एवढं?"

"मंद म्हणजे कुणाच्या मानानं?" त्यानं टेबलावर हात आपटला. "वयानं सगळ्यांचाच उजेड थोडा कमी होतो. मग आजार कुठला आणि वय कुठलं? ते कळायला धडधाकट म्हाताऱ्या माणसांची चित्रं शेजारी ठेवावी लागतात. माझ्याकडं आहेत ती सगळी परदेशातली. तिथलं खाणं वेगळं, शिक्षण वेगळं, डोक्याचा आकारसुद्धा वेगळा. आपल्या निमोण्याच्या आजीला तिकडच्या मडमेशेजारी उभं करायचं, आणि म्हणायचं, काठावर आहे, नक्की सांगता येत नाही!"

हे शेवटचं तो जरा जास्तच रागानं बोलला. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पुण्यातल्या ज्या मोठ्या डॉक्टरांसाठी तो ही चित्रं तपासायचा, त्यांना दोन वर्षं मागं लागून त्यानं राजी केलं होतं. आपल्या भागातली पासष्टीच्या पुढची बारा धडधाकट माणसं आणायची. मशीन एका रविवारी मिळणार. बारा भरली नाहीत तर काम रद्द.

आता आमच्याकडं धडधाकट म्हातारा शोधायचा म्हणजे काय, ते याला माहीत नव्हतं. "मी बरा आहे" असं कुणी कबूल करत नाही. दृष्ट लागते. भांडगावला एका आजोबांना यानं विहिरीवरून पाण्याची घागर आणताना पकडलं. ते म्हणाले, "कसला धडधाकट? गुडघं गेलं, कंबर गेली, औंदा काय मी काढत न्हाई." आणि घागर घेऊन तरातरा निघून गेले. दुसरे भडकायचे. डोकं तपासायचं म्हणजे, "मी येडा हाय का?" महिनाभर सायकलवर फिरून याच्याकडं एकच डोकं जमलं. माझं.

शेवटी मी म्हटलं, तुला विचारायचंच कळत नाही. मी पारावर गेले आणि आप्पांना ऐकू जाईल असं बोलले, "बशीर हुशार म्हातारी माणसं निवडतोय. पुण्याची डॉक्टरीण परीक्षा घेणार. तुम्हाला नका विचारू म्हणून मीच सांगितलंय त्याला. उगाच नापास झालात तर सून काय म्हणेल?"

दुपारपर्यंत आप्पा बशीरच्या दारात. चार दिवसांत माझ्यासकट तेवीस जण. निमोण्याहून दोघी जणी एसटीनं आल्या.

डॉक्टरबाई आली, मऊ बोलणारी. तिनं मला तीन शब्द सांगितले, आणि पाच मिनिटांनी विचारलं, "मघाशी मी कोणते शब्द सांगितले होते?" मी म्हटलं, "बाई, एवढ्यात विसरलात? मशीनमध्ये तुम्हीच जा." शब्द सांगितले मग. सुई कसली, तिचा त्रास काय, सगळं तिनं समजावलं. मी चौथी शिकले आहे, संमतीचा कागद पुरता वाचला आणि मगच सही केली. तेविसातून बारा निवडले. आप्पा आणि मी त्यात होतो.

रविवारी पहाटे गाडी निघाली. बशीर पुढं, आम्ही मागं. चहा नाही, जेवण नाही, अशी त्याची सक्त ताकीद. वाघोलीच्या गर्दीत गाडी थांबली तशी आप्पांनी पिशवीतून खोका काढला. परीक्षेत पास झाल्याचे पेढे. म्हणाले, "पेढा म्हंजी काय जेवण हाय व्हय?" मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, मी दोन खाल्ले.

दवाखान्यात पोचलो. नर्सनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का? आप्पांनी खोका तिच्यापुढं धरला. "घ्या बाई, आम्ही सगळे पास झालो!"

अंगात आधीच साखर गेली तर सुईतली साखर मेंदू नीट घेत नाही. सगळं रद्द. मला वाटलं बशीर आता आरडाओरडा करील. तो पायरीवर बसला आणि बटण काढून पुन्हा लावलं, काढून पुन्हा लावलं. आप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "पोरा, हान मला." डॉक्टरबाईनं दहा फोन केले आणि पुढचा रविवार मागून घेतला. शेवटचा, असं बजावून.

त्या रविवारी बशीर पुढच्या सीटवर उलटा बसला. गुडघे टेकून, मागं तोंड करून, शिक्रापूर ते पुणे. आमच्या डोक्यांकडं नाही, चोवीस ओठांकडं बघत. आप्पा जांभई देतानासुद्धा हात वर करून परवानगी घ्यायचे. सुई टोचल्यावर आम्ही बाराच्या बारा जण अंधाऱ्या खोलीत गप्प पडलो, मशीनमध्ये मान न हलवता पडलो, आणि सगळ्यांची चित्रं झाली. परत येताना आप्पांनी भजी घेतली. बशीर गाणी म्हणत होता. त्याला सूर नाही.

पंधरा दिवसांनी हा ओरडतच आला. "मावशी! चला, चला!" मी पीठ माखल्या हातानं गेले. पडद्यावर बारा डोकी, नावं नाहीत, नुसते आकडे. कशी उजळलेली! दिवाळीत गल्ली दिसते तशी. "मोठ्या डॉक्टरांना अजून पुष्कळ लागतील," तो म्हणाला, "पण बघा, आपली माणसं अशी दिसतात!" मला माझा आकडा ठाऊक नव्हता. पण सगळीच चांगली दिसत होती, म्हणून मी भांडले नाही.

मग त्यानं तेरावं चित्र उघडलं, आणि त्या बारांशेजारी ठेवलं. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्या बाजूला दोन्हीकडं दिवे विझल्यासारखं होतं.

"हे कुणाचं?"

"अम्मीचं," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हा काठावर आहे म्हणाले. तिच्या चांदीच्या बाळ्या हरवल्या, मावशी. मला चोर म्हणाली. बहिणीसमोर, गल्लीसमोर. मला वाटलं, मुद्दाम करते. मी घर सोडलं. दीड वर्ष झालं, गेलो नाही." त्यानं त्या काळोख्या जागेवर बोट ठेवलं. "ती मुद्दाम करत नव्हती."

मी त्याची समजूत काढली नाही. मला ते जमत नाही. म्हटलं, "दौंडला गाडी किती वाजता हाय?"

"तिला काही कळणार नाही आता."

"तिला न्हाई कळणार. तुला कळलं न्हवं? मग जा."

तो दाराशी थांबला. "आणि पुन्हा चोर म्हणाली तर?"

"तर व्हय म्हण. आन् शोधून दे."

महिन्याभरात त्यानं खोली सोडली. कॉम्प्युटर दौंडला नेला, काम तिथूनच करतो. दर चार दिवसांनी त्याचा फोन येतो, लॉटरी लागल्यासारखा. "मावशी, आज बाळ्या तांदळात सापडल्या!" "मावशी, आज उशीच्या अभ्र्यात!" परवा कुठंच सापडेनात. मग म्हणे यानंच चोरल्याचं कबूल केलं, अम्मीनं दोन चापट्या दिल्या आणि मग जवळ बसवून स्वतःच्या हातानं भरवलं, चोराला भूक लागली असेल म्हणून. मी विचारलं, काय भरवलं? म्हणाला, खिचडी. खारट होती.

मी म्हटलं, "मग?"

म्हणाला, "मग काय? दोनदा मागून घेतली."