बिनखिळ्याचं टेबल

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी उकंडरावांनी टेबलाच्या पायाशी हात घातला आणि त्यांच्या छातीत धस्स झालं. तिथे पाचर नव्हती. दुसऱ्या पायाशी चाचपलं, तर तिथेही नुसतं भोक.

इंझोरीच्या घरात आज त्यांच्या लेकीचं, निकिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि उकंडरावांची अब्रू या टेबलावर होती. झालं होतं असं की, सोयरिकीच्या बोलणीसाठी ते मंगरूळपीरला गेले, तेव्हा मुलाचे, म्हणजे उत्कर्षचे वडील दौलतराव यांनी मुलाच्याही आधी आपलं टेबल दाखवलं. दौलतराव निवृत्त चित्रकला शिक्षक. टेबल कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं, आर्ट्स अँड क्राफ्ट्स तऱ्हेचं.

"विलायतेत कारखान्याच्या मालाले कंटाळलेल्या लोकांनी हे काढलं," ते म्हणाले. "लाकूड लपवायचं नाही, जोड लपवायचा नाही. सगळा भार या दोन पाचरांवर. शंभर वर्षं झाली, एक खिळा नाही. खिळा म्हंजे खोट. माणसातबी मी तेच पाहतो."

उकंडराव शेतकरी, पण हाताला सुतारकीची खाज. "असंच्या असं टेबल करतो," ते बोलून गेले. "साक्षगंधाची ताटं त्याच्यावरच ठेवू." दौलतरावांचा चेहरा फुलला आणि सोयरीक तिथल्या तिथे जमली.

अंगावर घेतलं ते त्यांनी निभावलंही. दौलतरावांकडे जाऊन माप घेतलं, बाभळीचं लाकूड आणलं, आडवी फळी पायांतून आरपार काढली, तिच्या दोन्ही टोकांना पाचरा बसवल्या. अडला तो रंग. साहेबाच्या टेबलाचा तो काळपट तपकिरी रंग अमोनियाच्या वाफेनं आला, असं दौलतरावांनी सांगितलं होतं. "अमोनिया तं आपल्या गोठ्यात फुकट हाय," म्हणत उकंडरावांनी टेबल म्हशींच्या शेजारी नेऊन ठेवलं.

रंग झकास चढला. पण गोठ्यातलं बाभळीचं लाकूड म्हणजे गावाच्या लेखी शेतीचं अवजार, आणि अवजाराची पाचर कोणी विचारून नेत नाही. ज्याची नड असेल त्यानं काढावी आणि सवडीनं दुसरी घडवून द्यावी, अशी रीतच होती. उकंडराव पाचर घडवत आणि शेजारी ती काढून नेत. काल टेबल बैठकीत आणलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आणि आज बैठकीतूनही पाचरा गेल्या. ते तसेच अनवाणी शेजारच्या वावराकडे धावले.

"किसनसिंग, पाचर तू नेली काय?"

"नेली ना." किसनसिंगनं वखर थांबवला. "दांडी ढिली झालती. लई बेस घडवली, भाऊ."

"अरे, ते टेबलाची होती."

"मंग? टेबलाले काय वावरात चालाचं हाय?"

"अन् दुसरी?"

"ते मांडववाल्यानं खांबाखाली ठोकली. गच्च बसली म्हणे."

उकंडरावांनी वखराची पाचर उपसली आणि घराकडे धूम ठोकली. पण पाहुणे येऊन बसले होते. टेबलावर नारळ, फळं, पेढ्यांची ताटं, निकिताची साडी, वर पाण्यानं भरलेला तांब्या.  बिनपाचरेचं टेबल उभं कसं, हेच उकंडरावांना कळेना.

"वा, रंग तं हुबेहूब," म्हणत दौलतरावांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. उकंडरावांनी डोळे मिटून घेतले. काही पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले, तर दौलतराव टेबल हलवून पाहत होते आणि टेबल ढिम्म.

"इवाईबुवा, पाचरा कुठं हायत?" त्यांनी व्याह्यांना विचारलं.

"एक मायाजवळ हाय," उकंडराव मूठ उघडून म्हणाले.

"मंग हे उभं कायच्यावर हाय?"

 दौलतराव गुडघ्यावर बसून खाली डोकावले आणि तसेच राहिले. उकंडरावही वाकले. सांध्यासांध्यात खिळे होते. लांब, आखूड, वाकडे, काही तर छपराच्या टिनाचे. 

"कोनं केलं हे?" उकंडरावांनी विचारलं.

"म्या," पदराला हात पुसत उकंडरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई पुढे आल्या. "तुमी धावत गेले, अन् मी ताट ठेवाले आली तं टेबल पाय फाकून राह्यलं होतं. पाचरीच्या भरवशावर पोरीचं साक्षगंध सोडू काय? घरात होते तेवढे खिळे ठोकले."

 दौलतराव हळूहळू उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "खिळा निघाला, इवाईबुवा," ते म्हणाले. "मी तुमाले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं." आतल्या दारात निकिता उभी होती, तिचे डोळे भरून आले. एका टेबलापायी पोरीचं जमलेलं मोडणार, असं उकंडरावांना वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई, म्हणजे दौलतरावांच्या पत्नी उठल्या. खाली वाकून त्यांनी खिळे नीट पाहिले, एकदोन बोटानं दाबूनही पाहिले.

"खालून ठोकले हे बेस केलं, ईनबाई," त्या रुख्मिणीबाईंना म्हणाल्या. "दिसत नाहीत. म्याबी खालूनच ठोकले होते."

"तू? कुठं?" दौलतरावांनी विचारलं.

"आपल्या टेबलाले. उत्कर्षच्या बारशाच्या दिवशी. सारा सयपाक त्याच्यावर मांडला होता, अन् ते डुलाले लागलं. तुमी पाहुण्याइले त्याच्या गोष्टी सांगून राह्यले होते." मग उकंडरावांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमी माप घ्याले आले अन् खाली वाकाले लागले, म्हणून तं मी घाईघाईनं चहा आणला."

त्या बारशाचा उत्कर्ष आता लग्नाच्या वयाचा झाला होता. दौलतरावांनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि ते खाली बसले. इतकी वर्षं वर्गावर्गात सांगितलेलं ते बिनखिळ्याचं टेबल त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. कोणीतरी पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

उकंडराव भीतभीत जवळ गेले. "इवाईबुवा, मंग साक्षगंधाचं काय करता?"

दौलतरावांनी मान वर केली. दोघी विहिणी केव्हाच निकिताला पाटावर बसवून कुंकू लावत होत्या.

"मले काहून विचारता?" ते म्हणाले. "त्याइले विचारा."