मुलीकडची मंडळी

"जानेवारीत समुद्रावर कोण जातं?" रिफतसाहेबांनी विचारलं.

"कोणी जात नाही म्हणूनच जायचंय," इन्साफबाई म्हणाल्या.

त्यांचंही काही चुकत नव्हतं. बलतीमच्या किनाऱ्यावरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी फ्लॅट घेतला त्याला बरीच वर्षं झाली होती. पण दर उन्हाळ्यात तिथे रिफतसाहेबांच्या दोन्ही बहिणी, त्यांची मुलं, मुलांचे मित्र आणि एका वर्षी तर कोणाचे तरी शिकवणीचे मास्तरही येऊन राहिले होते. घराची मालकीण चार महिने स्वयंपाकघरात मासे तळत उभी असे. गॅलरीतून समुद्र फार छान दिसतो, हे इन्साफबाईंनी नणंदांच्या तोंडून ऐकलं होतं.

"बरं, शाफीला फोन करून ठेवतो," रिफतसाहेब म्हणाले. शाफी हा इमारतीचा रखवालदार. उन्हाळा सरला की मालक मंडळी आपापल्या गावी जात आणि पाचही मजल्यांच्या किल्ल्या शाफीच्या खोलीत खिळ्यांना लटकत राहत.

"नका करू. फोन केला की तो फरशी धुतो. हिवाळ्यात ती वाळत नाही."

म्हणून दोघं न कळवताच आपल्या गावाहून, टांट्याहून निघाले. बलतीमला पोचले तेव्हा रस्त्यावर वाळू पसरली होती, आइस्क्रीमची दुकानं बंद होती आणि हॉटेलांच्या खुर्च्या एकमेकींवर चढवून दोरीने बांधून ठेवल्या होत्या. मायक्रोबसवाल्याने त्यांना उतरवताना आपुलकीने विचारलं, "कोणी वारलंय का?"

इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापासूनच चपलाबूट लागले. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं आणि आतून ढोलकीचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. रिफतसाहेब "मजला चुकला" असं म्हणून खाली गेले आणि मजले मोजत पुन्हा वर आले. तोवर इन्साफबाई दारातच उभ्या होत्या.

"चुकला नाही," त्या म्हणाल्या. "ते पायपुसणं माझं आहे."

एवढ्यात काळ्या झग्यातली, हातभर सोन्याच्या बांगड्या घातलेली एक दणकट बाई बाहेर आली. ती तफीदाबाई, नवऱ्या मुलाची आत्या.

"आलात? किती हा उशीर. मुलीकडचे ना?"

"आम्ही टांट्याहून आलो," रिफतसाहेब म्हणाले.

"मग मुलीकडचेच. आमचं टांट्यात कोणी नाही." आणि तिने दोघांच्या हातातल्या पिशव्या घेऊन त्यांना आत ओढलं.

आत त्यांच्याच कोचावर शाफीची मुलगी बसीमा नवरी होऊन बसली होती. तिच्यामागे भिंतीवर मोरपिशी पलंगपोस ठोकलेला होता. तो इन्साफबाईंनी विहीणबाई राहायला आल्या तर काढायचा म्हणून ठेवला होता आणि त्या कधी आल्या नव्हत्या. बसीमाने दोघांना पाहिलं आणि पावडरीखालीही ती पांढरी पडलेली दिसली. ती उठून पुढे आली, इन्साफबाईंच्या हाताचा मुका घेतला आणि कानाशी कुजबुजली, "मावशी, आधी जेवून घ्या. मग काय बोलायचं ते बोला. बाबा काझींना आणायला गेलेत."

इन्साफबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"हे आपलं घर आहे म्हणून."

"एवढ्या लोकांत?"

रिफतसाहेबांनी पाणीपुरवठा खात्यात सबंध नोकरी केली, पण चहात साखर कमी आहे हे त्यांनी कधी चहावाल्याला सांगितलं नव्हतं. शाफी येऊ दे, मग त्याला बाजूला घेऊन बोलू, असं त्यांनी ठरवलं. तोवर ताटं आली. ती इन्साफबाईंचीच ताटं होती, पण त्यांत बदक होतं, कोबीच्या पानात भरलेला भात होता, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

तफीदाबाई त्यांच्याशेजारी येऊन बसली. "घर बघितलंत का सगळं?"

"थोडंफार," रिफतसाहेब म्हणाले.

"न्हाणीघर बघा जाऊन. नळ उलटा बसवलाय. गरम म्हणून सोडावा तर गार. कोणत्या गाढवाने बसवला कोण जाणे."

नळ रिफतसाहेबांनी स्वतः बसवला होता. त्यांनी भाताचा घास घेतला.

"पण मी आमच्या हिलालला म्हटलं, समुद्रावर घर आहे, नळाचं बघता येईल. खरं सांगते, नाहीतर रखवालदाराची मुलगी आम्ही कशाला केली असती? पोराची स्वतःची होडी आहे. पण शाफीला मालकाने म्हणे चाकरीवर खूश होऊन फ्लॅट देऊन टाकला."

"देऊन टाकला?"

"टाकला. आता असा माणूस चांगला तरी असेल नाहीतर येडा तरी."

"दोन्ही असेल," इन्साफबाई म्हणाल्या आणि बदकाची तंगडी नवऱ्याच्या ताटात वाढली.

तेवढ्यात काझींना घेऊन शाफी आला. वाऱ्याने त्याचा झगा फुगला होता आणि तोंडभर हसू होतं. कोपऱ्यात जेवत बसलेल्या रिफतसाहेबांवर नजर गेली तशी त्याने त्यांना सलाम केला, मग परत केला, मग इन्साफबाईंना केला आणि चुकून तफीदाबाईलाही केला. मग रिफतसाहेबांना हाताला धरून तो स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"साहेब, आजच्या दिवसापुरतंच होतं. माझ्या खोलीत काझी बसले तर नवरामुलगा बाहेर राहतो. त्या बाईने विचारलं, घर कोणाचं? मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे असते. एवढंच म्हटलं. पुढचं त्यांनी मनानेच घेतलं."

"आणि मालकाने देऊन टाकला, ते?"

शाफीने चुलीकडे पाहिलं. "ते मी म्हटलं."

"मग आता?"

"आता बाहेर जाऊन सांगतो, साहेब. सगळ्यांसमोर."

"सांग."

"सांगतो."

पण तो हलला नाही आणि रिफतसाहेबांनीही त्याला ढकललं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून कोच दिसत होता. नवरामुलगा हिलाल बसीमाच्या ओढणीला चिकटलेलं बदकाचं पीस काढत होता. उन्हाने रापलेले त्याचे जाडजूड हात होते आणि ओढणी फाटेल या धास्तीने तो श्वास रोखून बसला होता. पीस निघालं तसं त्याने ते टाकून न देता खिशात ठेवलं. बसीमा इतका वेळ जीव मुठीत धरून बसली होती. ती पहिल्यांदाच हसली. रिफतसाहेब ते पाहत राहिले. इन्साफबाईही आपल्या जागेवरून तेच पाहत होत्या.

"दुसरा साक्षीदार कुठे आहे?" काझींनी विचारलं. त्यांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. दुसरा साक्षीदार म्हणजे शाफीचा चुलतभाऊ, आणि त्याची गाडी वाटेत कुठेतरी वाळूत रुतली होती.

"हे आहेत ना," तफीदाबाईने रिफतसाहेबांकडे बोट केलं. "मुलीकडचे वडीलधारे. शिकलेले दिसतात."

रिफतसाहेबांनी खिशातून ओळखपत्र काढून दिलं आणि काझींसमोर जाऊन बसले. शाफी भिंतीला टेकला.

"सहीच्या आधी एक गोष्ट," तफीदाबाई म्हणाली. "पोरं राहणार कुठे, ते मुलीकडच्यांनी काझींसमोर सांगावं. नंतर वाद नको."

सगळे शाफीकडे बघत होते आणि शाफी फरशीकडे. रिफतसाहेबांनी घसा खाकरला.

"इथेच राहतील," ते म्हणाले.

इन्साफबाईंचा हात ताटावरच थांबला.

"हिवाळ्यात," रिफतसाहेबांनी घाईने पुढे जोडलं. "उन्हाळ्यात इथे गर्दी फार असते. नव्या जोडप्याला बरी नाही. तेव्हा मुलाच्या घरी जातील."

"उन्हाळा म्हणजे कधीपासून?" तफीदाबाईने विचारलं.

"मेपासून."

"मेमध्ये इथे कुत्रं नसतं. जुलैपासून म्हणा."

"जून आमचा आहे," इन्साफबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"आमचा म्हणजे?"

इन्साफबाईंनी हात पुसले. "मुलीकडच्यांचा. आमच्यात रीतच आहे. जून ते सप्टेंबर मुलीकडची माणसं लेकीच्या घरी राहायला येतात."

"सगळी?" तफीदाबाईचा आवाज जरा बसला.

"छे. फक्त आम्ही दोघं. घर लेकीचं झाल्यावर तिथे ह्यांच्या बहिणी, बहिणींची पोरं, असा गोतावळा नेणं शोभत नाही. आजपासून तो प्रकार बंद."

रिफतसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. आपल्या दोन बहिणी आत्ता काझींच्या साक्षीने घराबाहेर गेल्या, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. बायकोच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते त्यांनी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

"जून तुमचा," तफीदाबाई म्हणाली. "पण नळ आम्ही बदलणार."

"हे काही निकाहनाम्यात लिहिता येत नाही," काझी वैतागून म्हणाले. "पण सगळ्यांनी ऐकलंय. सही करा."

रिफतसाहेबांनी सही केली. बायकांनी एकच गलका केला आणि शाफी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि गरम पाणी खरंच लागत नाही, अशी तक्रार त्याने रिफतसाहेबांकडेच केली.

पाहुणे पांगले तेव्हा शेवटची गाडीही गेली होती. नवरानवरीच्या घरात राहणं बरं दिसलं नसतं. शाफी खालून एक किल्ली घेऊन आला.

"चौथा मजला, साहेब. डॉक्टर लबीबांचा. ते मेच्या आधी फिरकत नाहीत."

"अरे, पण त्यांना न विचारता?" रिफतसाहेब म्हणाले.

"आपल्याला कोणी विचारलं होतं?" म्हणत इन्साफबाई जिना चढूही लागल्या.

सकाळी त्यांनी खुर्ची ओढून गॅलरीत मांडली. समुद्र करडा होता, वारा बोचरा होता आणि खाली किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या दुपारपर्यंत तिथून उठल्या नाहीत. खालच्या मजल्यावरून बसीमाने लग्नातलं उरलेलं बदक गरम करून पाठवलं. आठवडाभर राहू, असं इन्साफबाईंनी जाहीर केलं. रिफतसाहेबांनी थंडीमुळे कपाटातला एक जाड लोकरी गाऊन काढून अंगावर चढवला होता. तो त्यांना खांद्यात बरोबर बसत होता.

पुढच्या दिवशी सकाळी दारात किल्ली फिरली. आतून कडी होती, म्हणून मग हलकेच टकटक झाली. रिफतसाहेबांनी दार उघडलं. बाहेर एक वयस्कर, किडकिडीत गृहस्थ उभे होते. गळ्याला मफलर, एका हातात बॅग आणि काखेत पुस्तकं.

"माफ करा," ते म्हणाले. "हिवाळ्यात इथे शांतता असते, म्हणून आलो होतो. मी लबीब."

"डॉक्टरसाहेब, या ना," रिफतसाहेब म्हणाले आणि त्यांच्या हातातली बॅग घेतली. लग्नाचं सांगावं तर सबंध सांगावं लागलं असतं. "चहा तयारच आहे. पाचव्या मजल्यावर ऊन छान येतं म्हणतात. शाफीला हाक मारतो, तो किल्ली घेऊन येईल."

डॉक्टर उंबऱ्यातच थांबले. त्यांनी आत गॅलरीत समुद्राकडे तोंड करून बसलेल्या इन्साफबाईंकडे पाहिलं, मग रिफतसाहेबांच्या अंगावरच्या गाऊनकडे पाहिलं आणि त्याच्या बाहीवरच्या ओळखीच्या रफूवर त्यांची नजर थोडा वेळ थांबली.

"पाचव्या मजल्यावर," त्यांनी संकोचून विचारलं, "घरात घालायला असं काही गरम असेल का?"