काठ्या, झुला आणि सासऱ्यांची मंजुरी

सहलीला निघताना डिकीत जागा उरली होती एका वस्तूची आणि उमेदवार होते दोन. एक, सासऱ्यांच्या पाठीसाठी घेतलेली घडीची खाट. दुसरा, मी हौसेने आणलेला झुला. मी खाट गुपचूप जिन्यामागे सरकवली. झुला दोन झाडांना बांधला की पाठीला खाटेपेक्षा आराम, असा माझा सरळ हिशेब होता. (हिशेबात झाडं धरलेली होती.)

तळ्याकाठी पोचलो, तर नजर जाईल तिथवर नुसतं गवत.

"अहो, खाट काढा. बाबांना जरा पडू दे," बायको म्हणाली.

"खाट नाही. झुला आहे."

"आणि झाड?"

मी डिकीत उगाचच वाकून पाहिलं.

"जमिनीवर पडले तर बाबांची पाठ धरेल," ती हळू आवाजात म्हणाली. "तासाभरात काहीतरी सोय करा, नाहीतर तंबू न उघडताच परत फिरायचं."

परत फिरण्याचं मला काही वाटत नव्हतं. भीती होती ती सासऱ्यांची. त्यांनी हयातभर लिफ्ट तपासल्या. त्यांनी 'मंजूर' म्हटलं की लोक बिनधास्त तिसाव्या मजल्यावर जायचे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकून दिली आणि ती चौथ्या दिवशी सगळ्या बरण्या घेऊन खाली आली. तेव्हापासून मी खुर्ची पुढे केली, की ते आधी तळहाताने ती दोनदा दाबून बघतात आणि मग दुसऱ्या खुर्चीवर बसतात. सोळा वर्षांत माझ्या हातच्या एकाही वस्तूला 'मंजूर' मिळालेलं नाही. मला ते एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं.

आणि मला मागच्या सीटवर ट्रेकिंगच्या चार काठ्या दिसल्या. दोन बायकोच्या, दोन सासऱ्यांच्या.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. बावीस वर्षं कागदांचे गठ्ठे बांधतोय. माझी गाठ आजवर सुटलेली नाही. (कागद हवा असेल तर साहेब सरळ दोरी कापायला सांगतात.) मी दोन-दोन काठ्यांच्या कैच्या केल्या, वरून माझी खास गाठ मारली, मध्ये झुला ताणला. एका बाजूचा दोर गाडीच्या हुकाला, दुसऱ्या बाजूचा तंबूच्या तीन खुंट्यांना. झुला जमिनीपासून चांगला दीड फूट वर राहिला. मी चार पावलं मागे जाऊन तो पाहिला आणि खरं सांगतो, ऊर भरून आला.

सासरे बायकोच्या खांद्याला धरून आले. त्यांनी काठी हलवून पाहिली. दोर ओढला. झुला तळहाताने दोनदा दाबला. मग आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

"झोपले," बायको म्हणाली. तिच्या आवाजात चक्क आदर होता.

मी दोन तास झुल्याशेजारी उभा होतो, राखण करावी तसा. जागे झाले की 'मंजूर' म्हणणार, याची खात्रीच होती.

सासरे जागे झाले. हात बाहेर काढून म्हणाले, "जावईबापू, माझ्या काठ्या."

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते काठ्यांशिवाय उठत नाहीत. काठ्या तर त्यांना तोलून उभ्या होत्या.

"माझ्या द्या त्यांना," बायको म्हणाली आणि मग तिला पायाकडची कैची दिसली.

"बाबा, माझा हात धरा ना," मी म्हणालो.

"नको. काठ्याच द्या."

"तुम्ही उतरल्याशिवाय त्या निघणार नाहीत."

"आणि त्या निघाल्याशिवाय मी उतरणार नाही."

दोघांचंही बरोबर होतं. शेवटी एका टोकाची गाठ सैल करून त्यांना अलगद खाली घ्यायचं ठरलं. गाठ अर्थातच सुटेना. (त्याही क्षणी मला थोडा अभिमान वाटला.) बायकोने भाजीची सुरी आणली. खबरदारी म्हणून मी झुल्याखाली उताणा सरपटलो आणि दोन्ही हात वर धरले.

"हळूहळू काप," मी खालून म्हणालो.

दोर हळूहळू कापता येतो. माणूस हळूहळू पडत नाही.

सासरे झुल्यासकट माझ्या पोटावर आले. माझ्यातली सगळी हवा गेली. बायको सुरी हातात धरून तशीच उभी. सासरे मात्र उठेनात. आकाशाकडे बघत शांत पडून राहिले. मग त्यांचा तळहात माझ्या पोटावर आला. त्यांनी ते एकदा दाबलं. पुन्हा एकदा दाबलं.

"मंजूर," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं वजनामुळेही असेल.)

"बाबा, पुढच्या वेळी आठवणीने खाट घेऊ," बायको म्हणाली.

"कशाला?" सासरे कूस बदलत म्हणाले. "यांना आणलं की झालं. फक्त हातोडी घरी ठेवायला सांग."