केसभरही उतार नको

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या मुलीने बसल्या बसल्या प्रवास केला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

घड्याळ मी मुद्दाम पाहिलं. घरात काही विपरीत घडलं की मी आधी घड्याळ बघते आणि मग घाबरते. (डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न हाच विचारतात, "कधीपासून होतंय?" उत्तर तयार असलेलं बरं.)

आमच्या मागच्या दारी काँक्रीटचा कोबा आहे. चार मोठे चौकोन, मधे बोटभर फटी. त्यातला दाराजवळचा चौकोन वर्षभरात हळूहळू खचला, कोणाला न सांगता. म्हातारी माणसं वाकतात ना, तसा. रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि एखादा पाहुणा येऊन म्हणतो, "अरेच्चा, हे कधी झालं?"

त्या सकाळी मी गठुडीला कोब्यावर बसवलं आणि कपडे पिळायला वळले. गठुडी म्हणजे आमची मुलगी, वय सव्वा वर्ष. ठेवाल तिथे, ठेवाल तशी बसून राहते, म्हणून सासूबाईंनी हे नाव पाडलं. वळून बघते तर ठेवल्या जागी गठुडी नाही! ती पार भिंतीच्या कोपऱ्यात, तिच्या लाडक्या पिवळ्या बादलीशेजारी. ओल्या कोब्यावरून, पाय न हलवता, मांडी न मोडता, सावकाश सरकत गेली होती. नावेत बसून पैलतीराला लागावं तशी. चेहऱ्यावर इतकी शांती, की नावाड्याला निरोप तेवढा द्यायचा राहिला होता.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सव्वा वर्षाची झाली तरी ही चालत का नाही, ह्या काळजीने मी अर्धी झाले होते. (वजनाने नाही. मनाने.) उत्तर तर पायाखाली होतं. जिला जमीनच हवं तिथे नेऊन सोडते, ती पाय कशाला उचलेल?

हे काही मला एकदम सुचलं नाही. त्याआधी डॉक्टरीणबाई झाल्या होत्या.

"हाडं चांगली, पाय चांगले. तिला वाटेल तेव्हा चालेल," त्या म्हणाल्या.

"पण तिला कधी वाटेल?"

"ते तिला विचारा."

मी घरी येऊन विचारलं. तिने माझ्या नाकात बोट घातलं.

शिवाय भिंतीपलीकडच्या वहिनी होत्याच. त्यांचा मुलगा नवव्या महिन्यात चालला, आणि हे मी विसरू नये म्हणून त्या रोज भिंतीवरून आठवण करून देतात. "काही नवीन?" एवढंच विचारतात. पण त्या 'काही नवीन'मध्ये केवढं काय काय असतं, ते आईलाच कळतं.

संध्याकाळी हे घरी आले. हे पंख्यांच्या दुकानात विक्रीला असतात. पंखा विकायचा कसा हे त्यांना येतं. दुरुस्त करायचा कसा हे येत नाही, पण तसं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

"अहो, कोबा सरळ करून घ्यायचा."

"करू की."

"गठुडी चालायच्या आधी."

"मग घाई नाही," हे म्हणाले.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला लावला, की माझी बाजू घेताना शब्द सापडेनात म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

मग गवंडी आला. म्हणजे येईन येईन म्हणत बऱ्याच दिवसांनी आला. येताना ट्रकचे दोन जॅक घेऊन आला. म्हणाला, "ताई, फोडायची गरज नाही. चौकोन अख्खा उचलतो, खाली खडी आणि मसाला ठासून भरतो, की बसला पक्का." मसाला म्हणजे सिमेंट-वाळूचा. (मी आत जाऊन डबा घेऊन आले होते. तो तसाच पाठीमागे धरून उभी राहिले.)

जॅकचा दांडा हलायला लागला. कोबा कण्हला, कुरकुरला, आणि मग कडेने हळूच वर आला, झोपलेल्या माणसाची पापणी उघडावी तसा. मी ओणवी होऊन आत पाहिलं. मोरीच्या फुटक्या नळीने खालची सगळी माती वाहून नेली होती आणि तिथे एक खोली झाली होती. गार, काळोखी, ओल्या मातीच्या वासाची. वर आम्ही भांडत होतो, कपडे धूत होतो, दुधाचा हिशोब विसरत होतो, आणि खाली ही खोली गुपचूप मोठी होत होती. मला वाटलं, आत शिरावं, गुडघे पोटाशी घ्यावे, आणि घटकाभर कोणाचीही आई नसावं.

तेवढ्यात आतून एक बेडूक बाहेर आला. घाई नाही, गडबड नाही. उंबऱ्यावर थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि कुंडीमागे निघून गेला.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "इतके दिवस राहिला, आणि जाताना येतो म्हणायची सुद्धा रीत नाही."

नळी बदलली. खडी भरली. मग गवंड्याने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक ह्या कोपऱ्याला, दुसरं त्या कोपऱ्याला. दोन्हीकडचं पाणी कुठवर चढतं ते बघून लेव्हल काढतात.

"उतार किती ठेवू, ताई?"

"अजिबात नको."

"अजिबात?"

"केसभरही नको. इकडे नको, तिकडे नको."

गवंड्याने नळी खाली ठेवली. "ताई, वीस वर्षं काम करतोय. लोक म्हणतात, 'साधारण बघा', 'चालेल तसं ठेवा'. अगदी सपाट करा असं मला आजवर कोणी म्हटलं नाही." लग्नकार्यात भात ढवळणाऱ्याला कोणी गायला सांगावं तसं त्याचं झालं होतं.

"अगं, पण थोडा उतार हवाच," हे दारातून म्हणाले. "पाणी कुठे जाणार?"

"अहो, टेबलफॅन कोणी दुरुस्त केला होता?"

हे आत गेले. तो फॅन आता वारा पुढे देण्याऐवजी मागे ओढतो. त्याच्यासमोर बसलं की केस त्याच्याकडे जातात.

मग मी आणि गवंडी, आम्ही दोघं झपाटलो. दुसरा चौकोन किंचित उतरता होता, तोही उचलला. मग तिसरा. मग चौथ्याने काय पाप केलंय, म्हणून चौथाही. मी कोब्याला गाल टेकवून एक डोळा मिटून बघत होते, आणि तो म्हणत होता, "ताई, सुतासारखं!" मी मधोमध गोटी ठेवली. गोटी हलली नाही. थोडं फुंकलं, तेव्हा वीतभर गेली आणि थांबली, कुठे जायचं ते न कळून. गवंडी निघताना दोनदा मागे वळून कोब्याकडे बघत गेला.

कोबा वाळला. मी गठुडीला मधोमध बसवलं आणि समोर लांब पिवळी बादली ठेवली.

"ये."

गठुडी सरकली नाही.

चाललीही नाही.

बसली. बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सपाट जमिनीवर आधीपेक्षा आरामात बसली. भिंतीवरून वहिनींचं डोकं आलं. "काही नवीन?"

"कोबा," मी म्हटलं.

तेव्हा खरं रडू आलं. इतके दिवस दोष द्यायला खचलेला कोबा तरी होता. आता जमीन सरळ होती, नळी नवी होती, आणि उरली होती फक्त माझी मुलगी आणि मी. रात्रभर मनात एकच. ही चालणारच नाही का? माझंच काही चुकलं का? पोटात असताना मी फार बसून राहिले, म्हणून तर नाही?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी धुण्याचं शेवटचं पाणी, अगदी स्वच्छ, बादलीभर कोब्यावर ओतलं. ते पसरलं आणि उभं राहिलं. पुढे जाईना, मागे जाईना. गोटीची झाली तीच त्या पाण्याची गत. अजून एक बादली ओतली. तेव्हा मात्र त्याला वाट सापडली. उंबऱ्याच्या खाचेतून सरळ स्वयंपाकघरात.

हे त्या दिवशी घरीच होते. पाटावर पाय वर घेऊन बसले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं." लग्नाला चार वर्षं झाली, पण इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर लग्नातही पाहिला नव्हता. "मी म्हटलं होतं की नाही? आई, तू ऐकलंस ना? मी म्हटलं होतं."

मी गठुडीला उंबऱ्यावर बसवलं आणि खराटा घेऊन बाहेर पाणी लोटायला बसले. लोटावं तेवढं परत येई. शेवटी हात थांबले.

वारा पडला होता. पाणी निवळलं, आणि बघते तर मागच्या दारी आभाळ उतरलेलं. चार चौकोनांत चार आभाळं. एकात ढग, एकात वाळत घातलेली माझी निळी साडी, उलटी, खालून वर लोंबणारी. एक पक्षी ह्या चौकोनातून निघून त्या चौकोनात गेला, आणि फटीपाशी त्याने पंख मिटले असं मला वाटलं. मी झोपेत आहे की जागी, हेच कळेना. उठवायला कोणी आलं तर बरं, नाही आलं तर जास्त बरं.

मग त्या पाण्यात, अगदी कडेला, एक बाळ उलटं उभं दिसलं.

उभं. काहीही न धरता.

मी वळले नाही. वळले तर मोडेल, असं वाटलं. श्वाससुद्धा धरून ठेवला. उलटं बाळ डुललं. त्याने एक पाय ढगावर ठेवला. ढग थरथरला. मग दुसरा पाय. मग आभाळ फुटलं, साडी फुटली, सगळीकडे लाटाच लाटा, आणि एका ओल्या, गरम हाताने मागून माझी वेणी पकडली.

मी किंचाळले. वळले. गठुडी पाण्यात बसलेली होती.

सगळे धावत आले. "पडली?"

"चालली! अहो, चालली!"

"कोण?"

"गठुडी!"

"बसलीय की."

"आत्ता बसली! आधी चालली!"

"तू पाहिलंस?" ह्यांनी विचारलं.

"पाहिलं ना. पाण्यात."

"पाण्यात? म्हणजे उलटं?"

"हो."

हे विचारात पडले. "म्हणजे ती डोक्यावर चालली?"

सासूबाईंनी मात्र वाद घातला नाही. कोरड्या टॉवेलने गठुडीला पुसलं, परत उंबऱ्यावर ठेवलं, आणि कोब्यावर एक बादली पाणी ओतलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. पाणी निवळलं. ढग आला. गठुडीने त्या ढगाकडे बघितलं, भिंत धरली, भिंत सोडली, आणि निघाली. मधोमध जाऊन ढगावर धप्पकन बसली आणि त्याला थापट्या मारायला लागली. हे रडले. (पाणी उडालं डोळ्यांत, असं त्यांचं म्हणणं.)

कोरड्यावर ती अजून बसतेच. पाणी ओतलं की चालते. तेव्हा उतार द्यायला गवंड्याला बोलवायची गोष्ट घरात कोणी काढत नाही.

इथवर सगळं छान होतं. पण त्या दुसऱ्या खेपेला भिंतीवर वहिनींचं डोकं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की ह्यांच्या कोब्यावर पाणी ओतलं की पोरं चालतात. दुसऱ्या दिवशी दारात एक बाई, कडेवर गुटगुटीत मुलगा. मग दोन बाया. मग एक आजोबा, नातवाला घेऊन.

"अहो, काही नाही हो इथे," मी सांगते. "कोबा चुकलाय फक्त."

"तसं म्हणायचंच असतं," त्या म्हणतात, आणि पोराला पाण्यात ठेवतात. त्यांच्या डोळ्यांत बघितलं की परत जा म्हणवत नाही. ते डोळे मी आरशात कितीतरी महिने बघितलेत. मग मी पाट देते, पाणी ओतते, आणि आम्ही साऱ्याजणी गुडघ्यावर हनुवटी टेकवून चार चौकोनांतल्या ढगांकडे बघत बसतो. एक मूल चाललं. बाकीची बसूनच पाणी उडवतात, आणि त्यांच्या आया त्या दिवशी जरा हसऱ्या होऊन घरी जातात.

ह्यांनी तर दुकानात सांगितलंय की कोबा मुद्दाम सपाट करून घेतला. आणि गवंड्याला तसल्याच सपाट कोब्यांची तीन घरची कामं मिळालीत.

म्हणून हे लिहितेय. वाचणाऱ्यांनी कृपा करून एवढा निरोप पुढे पोचवा. मूल चालायचं तेव्हा चालतं, त्याला कोब्याचं काही पडलेलं नसतं. ज्या आईला झोप लागत नसेल तिला हे आधी सांगा. कोबा करून घेणाऱ्यांना सांगा, थोडा उतार ठेवा. आणि एवढं सांगूनही कोणी आमच्याकडे यायलाच निघालं, तर त्यांना म्हणावं, दुपारनंतर या आणि येताना आपापली बादली घेऊन या. आमच्या दोन्ही बादल्या सकाळपासून स्वयंपाकघरातलं पाणी उपसण्यात गुंतलेल्या असतात, आणि मीही.