चंद्रावतीच्या हाताचा रंग

नम्रताच्या ब्युटी पार्लरला तीन महिने झाले होते. तेवढ्यात तिने सावंतवाडीतल्या निम्म्या बायकांच्या भुवया कोरल्या, पण नवरी एकही मिळाली नव्हती, आणि नुसत्या भुवयांवर पार्लर चालत नाही. या हंगामात एक तरी नवरी सजवायची, चार लोकांनी ती बघायची, नाहीतर म्हापशाच्या मॉलमधली सोडलेली नोकरी पुन्हा धरायची, असं तिने स्वतःला बजावलं होतं. म्हणून रेडीची चंद्रावती मासळीची रिकामी पाटी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गो बाय, माझ्या अपेक्षाचा लगीन ठरला. तूच सजव तिका," तेव्हा नम्रताने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पाटीसुद्धा आत ठेवू दिली.

चंद्रावती तीस वर्षं सावंतवाडीच्या बाजारात मासे विकत होती. तिचं तोंड म्हणजे बाजाराची दवंडी. नवरी चांगली दिसली तर सोमवारी दहाच्या आत सगळ्या गावाला कळणार होतं. वाईट दिसली तर साडेनऊलाच कळणार होतं.

अपेक्षा पणजीला नोकरी करायची. ती लग्नाआधी दोनच दिवस येणार होती, तेव्हा तिच्या रंगाचं फाउंडेशन आधी मागवून ठेवायला हवं होतं. चंद्रावतीने मुलीचा फोटो फोनवर पाठवला. तो फोटो अपेक्षाने अशा फोनने काढला होता, जो माणसाला न विचारता गोरं करतो. नम्रताने फोटो आणि रंगांचा तक्ता शेजारी शेजारी धरला, बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं आणि एक महागडी बाटली मागवली.

पार्लरच्या भिंतीपलीकडे तिच्या वडिलांची खोली होती. नाना चितारी. लाकडी फळं रंगवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांना एकच बक्षीस मिळालं होतं. एका पाहुण्याने करंडीतला लाकडी पेरू उचलला आणि सरळ चावला. पाहुण्याचा पुढचा दात पडला. पाहुणा तोंड धरून ओरडत होता आणि नाना डोळ्यांत पाणी आणून त्याच्यापुढे हात जोडून उभे होते. "दात पडलो," ते अजून सांगत, "म्हणजे रंग पास झालो."

बाटली आली तेव्हा नाना ती उलटसुलट करून बघत राहिले.

"रंग तयारच येता बाटलीतसून?"

"होय."

"मगे तू काय करतस?"

नम्रताने बाटली काढून घेतली. "नाना, तुमी तुमची केळी रंगवा."

गुरुवारी अपेक्षा पार्लरमध्ये आली. काजूच्या भाजलेल्या गरासारखा तिचा रंग, त्यावर फार सुंदर डोळे. बाटलीतला रंग त्यापुढे जरा फिकाच होता, पण ट्यूबलाइटखाली फाउंडेशन लावल्यावर सगळं ठीक वाटलं. चंद्रावती तर हरखलीच. "बाय गो, वळखूक पण येना नाय." मग अपेक्षा रस्त्यावर आली. उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशात तिने सहज पाहिलं आणि तिथेच रडायला लागली. चेहरा तांदळाच्या पिठाचा आणि मान तिची स्वतःची.

"माका ह्या नको, ताई," ती पार्लरमध्ये परत येऊन म्हणाली. "आमच्या मावशेच्या प्रियांकाक असाच केल्यानी. चार वर्सां झाली, अजून तिच्या लग्नाचो आल्बम काढतत आणि हसतत. माका गोरी करू नको. माका माझ्यासारखीच ठेव, फक्त बरी दिसांदे."

इतकं साधं मागणं नम्रताकडे आजवर कोणी केलं नव्हतं आणि इतकं अवघडही.

शुक्रवारी सकाळी हळद लागली. हळद लागलेली नवरी घराचं आवार सोडत नाही, त्यामुळे दुसरी बाटली घ्यायला अपेक्षाला आणणं शक्य नव्हतं. दुपारी चंद्रावती अबोलीचे वळेसर, म्हणजे दाट गजरे, न्यायला सावंतवाडीत आली आणि तिनेच तोड काढली.

"तिका कित्याक होयी? मी आसय मां. ता चेडू माझ्याच रंगाचा. बापाशीचा नुसता नाक घेतल्यान."

नम्रता तिला बाजारातल्या मेकअपच्या दुकानात घेऊन गेली. तिथली मुलगी म्हणाली, "हात पुढे करा." चंद्रावतीने काचेच्या टेबलावर आपला हात ठेवला. तीस वर्षं उन्हात, खाऱ्या पाण्यात आणि मासळीच्या बर्फात राबलेला तो हात होता. मुलीने एकेक रंग लावत नेला आणि शेवटच्या बाटलीतला थेंब चोळताच तो हातावरून दिसेनासा झाला.

"गेलो खंय?" चंद्रावतीने हात खिडकीकडे नेला, उलटा केला, वास घेतला. "आता हय होतो."

नम्रतालाही इतकं नवल वाटलं, की त्या भरात एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. पणजीच्या ऑफिसात बसणाऱ्या पोरीचा गाल आणि बाजारात बसणाऱ्या आईचा हात यांच्यामध्ये तीस उन्हाळे होते.

शनिवारी अकरा चाळीसचा मुहूर्त. नवरीच्या दारातच मांडव होता. नम्रता नऊला रेडीत पोचली, स्कूटरच्या मागे नाना. त्यांना चंद्रावतीचं आमंत्रण होतं. नाना म्हणजे तिच्या मासळीचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. आहेर म्हणून लाकडी फळांची करंडी मांडीवर, आणि एका केळ्याचं टोक रंगवायचं राहिलं होतं म्हणून खिशात बारीक कुंचला.

आतल्या खोलीत नम्रताने नवी बाटली उघडली आणि नवरीच्या अर्ध्या गालाला लावली. अपेक्षा एका बाजूने चंद्रावती दिसू लागली.

"पूस," अपेक्षा शांतपणे म्हणाली. तो शांतपणा रडण्यापेक्षा वाईट होता.

मग नम्रताने दोन्ही बाटल्या निम्म्या निम्म्या मिसळल्या. हिशेबाने मधला रंग यायला हवा होता. आला तो राखाडी. कालच्या हळदीने अपेक्षाची कातडीच पिवळी झाली होती आणि त्या पिवळ्यावर हे मिश्रण ओल्या सिमेंटसारखं दिसत होतं. पावणेदहा वाजले. बाहेर मालवणहून वऱ्हाडाची गाडी आल्याचा गलका झाला. नम्रताला म्हापशाच्या मॉलचा सरकता जिना डोळ्यांपुढे दिसायला लागला. ती पडवीत गेली. नाना चहा पीत होते.

"नाना," ती म्हणाली आणि बरबटलेली बोटं पुढे केली.

नानांनी तिच्या बोटांवरचा रंग पाहिला. कपातला चहा संपवला आणि कपाखालची बशी घेऊन उठले.

"चेडवाक मागल्या दारात घेवन ये. तोंड धुवन. दिव्याखाली रंग कोण बघता?"

मागच्या दारी माडाखाली स्वच्छ उजेड होता. नानांनी अपेक्षाला स्टुलावर बसवलं आणि नुसते बघत उभे राहिले. किती वेळ. अपेक्षा आधी लाजली, मग घाबरली, मग तीही त्यांच्याकडे बघत राहिली.

"हेचो रंग एक नाय," नाना अखेर हळूच म्हणाले. "कपाळार येगळो, डोळ्याखाली येगळो, नाकाकडे येगळो. पाच तरी आसत. देवान काय काम केल्यान हां, नमू, बघ."

नम्रताने पाहिलं. दोन दिवस ती या चेहऱ्यावर रंग लावत होती आणि पुसत होती, पण हा चेहरा तिने आत्ता पाहिला. जन्मभर बापाला केळी रंगवा म्हणून गप्प केलं याची तिला लाज वाटली.

नानांनी बशी पुसून घेतली. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं काढलं.

"हळदीक पिवळो होयो."

नम्रताने डोळ्यांना लावायच्या रंगांतला पिवळा दिला.

"आणि लाल."

"लाल कित्याक?"

"कातडीखाली रगात आसा मां. आंब्याक पण देठाकडे लाल लागता, नायतर तो मेललो दिसता."

तिने लिपस्टिकचं टोक दिलं. नानांनी बशीत कुंचला फिरवला आणि एक बारीक रेघ ओढली, हातावर नाही, गालावर नाही, जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते. मग कुंचला कानावर ठेवून माडाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले.

"आता?" नम्रता म्हणाली.

"आता रव."

"नाना, धा वाजान गेले."

"ओलो रंग खोटा बोलता. सुकललो रंग खरो."

दहा मिनिटांनी रेघ वाळली आणि किंचित काळवंडली. नानांनी मान हलवली, बशीत फिक्या बाटलीचे दोन थेंब वाढवले, दुसरी रेघ ओढली. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी नम्रता वाकून बघायला गेली आणि तिला रेघ सापडेना. तिने अपेक्षाची हनुवटी उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली.

"आता तू लाव," नाना म्हणाले. "माका लाकडाची सवय. मानसाच्या तोंडाक तुझोच हात होयो."

नम्रताने असा हात आयुष्यात लावला नव्हता. डोळ्यांखालचं जागरण गेलं, हळदीचे डाग गेले, नाकाजवळचा पुरळ गेला आणि अपेक्षा तशीच राहिली. काजळ भरलं, ओठांना जरासा रंग, मुंडावळ्या. अपेक्षाने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मीच आसंय," ती म्हणाली आणि हसली. लग्नघरात तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

साडेअकराला चंद्रावती नवी जरीची साडी सावरत आत आली, मुलीपुढे उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"अजून बसलंच नाय काय गो मेकअपाक?"

"झालो, काकी."

"खंय झालो? नम्रता, माका तू खुळी समजतस? ता जसा उठला तसाच आसा."

दारात बायका जमल्या. कोणी म्हणालं पार्लरवालीला जमलं नसेल. कोणी म्हणालं बाटल्या संपल्या असतील. केलेलं काम दिसत नाही हीच तर त्या कामाची खूण, हे नम्रता मासेबाजाराच्या मालकिणीला कसं सांगणार? चंद्रावतीने वाट पाहिली नाही. शेजारच्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि मुलीचा गाल खसकन पुसला. "ह्या बघा, बायांनू. काय एक लावूक नाय."

गालावर रुपयाएवढा गोल उमटला. त्या गोलात हळदीचा डाग, जागरणाची काळसर छटा आणि रडून सुजलेली कातडी दिसत होती. भोवतीचा चेहरा मात्र ताजा, शांत, तिच्या ओळखीचा. चंद्रावतीने पदर पाहिला. पदराला अपेक्षाचाच रंग लागला होता.

तीस वर्षांत पहिल्यांदा चंद्रावती अगदी लहान आवाजात म्हणाली, "बाय माझे. ह्यो रंग नाय. मी माझा चेडूच पुसान काढलंय."

बाहेर भटजींनी नवरीला आणा म्हणून दुसऱ्यांदा हाक मारली.

"बशी," नाना म्हणाले.

बशी मागच्या दारी नव्हती. चुलीपाशीही नव्हती. चहा करणाऱ्या सुशीलाकाकीने ती उचलून कपाखाली घातली होती आणि चहा मांडवात गेला होता. नाना धोतर सावरत धावले. भटजी कप तोंडाला लावून बसले होते आणि बशीतल्या रंगाकडे नाराजीने बघत होते. "चहा सांडलो हां सगळो," ते म्हणाले.

"होय, तोच होयो माका," असं म्हणून नानांनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

कपाच्या बुडाचा गोल वगळून कडेला वाटाण्याएवढा रंग उरला होता. नम्रताने बोटाच्या टोकाने तो लावला, कडा विरवल्या. अंतरपाट धरायला दोन मिनिटं होती आणि नाना वाळण्याची वाट बघत मनातल्या मनात अंक मोजत होते. गोल नाहीसा झाला. बायकांपैकी एकीने हळूच बोट लावायला हात पुढे केला, त्यावर चंद्रावतीने फटकन चापट मारली.

अक्षता पडल्यावर नवऱ्याची आई राधाबाई सुनेपाशी आली. मालवणच्या किनाऱ्यावर सुकटाची पारख करण्यात तिचे केस पिकले होते. तिने अपेक्षाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि डोळे बारीक करून पाहिला.

"आमच्या सुनेन काय एक लावूक नाय," राधाबाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. "असा रूप देवान दिल्यान. पार्लरवालीक उगाच बोलवल्यात."

नम्रता दोन पावलं पुढे सरसावली. नानांनी तिचं मनगट धरलं. पेरू चावणाऱ्या त्या पाहुण्यापुढे आलं होतं तसंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गप, नमू," ते म्हणाले. "दात पडलो."

सोमवारी साडेनऊ वाजता नम्रता म्हापशाचा फोन नंबर शोधत बसली होती. काम उत्तम झालं होतं आणि मांडवात कोणाला ते दिसलं नव्हतं, तेव्हा दुसरा इलाज दिसत नव्हता. तेवढ्यात दारात सावली पडली. बाजारातल्या तीन बायका, हातात पिशव्या, पिशव्यांत बांगडे. चंद्रावतीने जरीच्या साडीचा तो पदर धुतला नव्हता. आज सकाळपासून ती तो पाटीशेजारी पसरून बसली होती आणि मासा घेणाऱ्या प्रत्येकीला आधी पदर बघावा लागत होता.

"माझ्या चेडवाचा लगीन आसा मार्गशीर्षात," पहिली म्हणाली.

"माझ्या पण," दुसरी म्हणाली.

नम्रता उठली, तिने खुर्च्या पुसल्या आणि भिंतीवर थाप मारून नानांना बोलावलं. नाना कानावर कुंचला ठेवून दारात येईपर्यंत तिन्ही बायकांनी बांगड्या वर सारल्या होत्या आणि आपापले रापलेले हात टेबलावर ओळीने मांडले होते.

"घे," तिसरी म्हणाली. "ता चेडू माझ्याच रंगाचा आसा."